गाडीवर ‘रुग्णवाहिका’ लिहिले म्हणजे ती रुग्णवाहिका झाली काय?

गेल्या वर्षी पावसाळ्यात रात्री बाराच्या सुमारास आमच्या जुन्या वस्तीतील एका कार्यकर्त्याचा मला फोन आला. वकिलाला अशा वेळी येणारे फोन बहुधा पोलीस ठाण्यातून असतात. हा धावत्या गाडीतून होता. “जयभीम साहेब. गाडीतला ऑक्सिजन संपला. अमरावती अजून लांब आहे. ड्रायव्हर म्हणते पुढच्या गावात सिलिंडर भेटन. मामीचा श्वास लागून राहिला. काय करू?”

मी काय सांगणार? मी डॉक्टर नाही. जे पहिले सरकारी रुग्णालय लागेल तिथे गाडी वळव, एवढेच सांगितले. सुदैवाने रस्त्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात नर्सबाई जाग्या होत्या, सिलिंडर भरलेला होता. पहाटे ते नागपूरला पोहोचले. नवव्या दिवशी मामी गेली.

ऑक्सिजन संपला म्हणून ती गेली असे मी म्हणणार नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी तसे लिहून दिलेले नाही, आणि जे कागदावर नाही ते कोर्टात उभे राहत नाही. परंतु त्या रात्रीच्या गाडीची चौकशी मी नंतर केली, आणि जे निघाले ते या वृत्तपत्राच्या वाचकांपुढे ठेवणे मला माझे कर्तव्य वाटते. कारण ही गोष्ट एका मामीची नाही. जिल्ह्याच्या रुग्णालयातून नागपूरला, मुंबईला, पुण्याला ‘रेफर’ होणारा माणूस बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला असतो. ज्याच्याकडे स्वतःची चारचाकी आहे, ओळखीचा डॉक्टर आहे, त्याला रुग्णालयाच्या फाटकाबाहेर रात्री गाडी शोधत उभे राहावे लागत नाही.

झाले असे होते. सरकारी गाडी यायला वेळ लागेल असे कळले. तेवढ्यात कोणीतरी हातात एक कार्ड दिले. बाहेर गाडी तयारच होती. पांढरी, वर फिरता दिवा, दोन्ही बाजूंना लाल अक्षरांत ‘आयसीयू ऑन व्हील्स’. नऊ हजार रुपये आधी मोजून घेतले. वस्तीतल्या चार घरांतून ते जमा झाले होते. आत पांढरा कोट घातलेला एक मुलगा बसला होता, तो ‘डॉक्टर’ आहे असे सांगण्यात आले. तो ड्रायव्हरचा चुलतभाऊ होता आणि त्याला सिलिंडरची चावी फिरवता येत होती, इतकेच त्याचे वैद्यकीय शिक्षण. पावती मागितली तेव्हा मालकाचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी मिळाली. तो नंबर पुढे लागलाच नाही.

गाडीचा नंबर कोणीही लिहून घेतलेला नव्हता. कसा घेणार? आई मरणाच्या दारात असताना मुलगा नंबर प्लेट वाचत बसेल काय? योगायोगाने एका भाच्याने निघताना मोबाईलवर फोटो काढला होता, त्यात नंबर आला. तो मी परिवहन खात्याच्या ‘एम-परिवहन’ ॲपमध्ये घातला. वाहनाचा वर्ग: मोटार कार. विमा: चार महिन्यांपूर्वी संपलेला. म्हणजे नऊ हजार रुपये घेऊन अडीचशे किलोमीटर निघालेली ती ‘आयसीयू’ सरकारदप्तरी एका कुटुंबाची घरगुती गाडी होती. हे कळायला मला दोन मिनिटे लागली. निघण्याआधीची ती दोन मिनिटे कोणाकडेच नव्हती.

आता कायद्याकडे येऊ. याबाबत आपल्या लोकांत, आणि खरे सांगायचे तर वकिलांतही, बराच गैरसमज आहे. लोक विचारतात, “साहेब, या गाडीला परमिट आहे का?” हा प्रश्नच चुकीचा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६६ प्रमाणे भाड्याने चालणाऱ्या वाहनाला परमिट लागते. परंतु त्याच कलमाच्या पोटकलम (३) मध्ये पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांच्यासाठीच वापरल्या जाणाऱ्या वाहनांना सूट आहे. हेतू चांगला आहे, आजाऱ्याला नेणारी गाडी परमिटच्या कागदासाठी अडू नये. पण त्यातला ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा. गाडी केवळ रुग्णवाहिका म्हणून वापरली पाहिजे. दिवसा लग्नाचे वऱ्हाड आणि रात्री रुग्ण वाहणाऱ्या गाडीला ही सूट मिळत नाही.

परमिट लागत नाही याचा अर्थ काहीच लागत नाही असा फाटकाबाहेरच्या धंदेवाल्यांनी करून घेतला आहे. तो खोटा आहे. गाडीची नोंदणी रुग्णवाहिका म्हणून झालेली असली पाहिजे. केंद्र सरकारच्या २००४ च्या अधिसूचनेप्रमाणे रुग्णवाहिका हे परिवहन वाहन आहे. म्हणून तिला कलम ५६ खाली योग्यता प्रमाणपत्र, ज्याला आपण फिटनेस किंवा पासिंग म्हणतो, ते घ्यावेच लागते. आठ वर्षांपर्यंत ते दोन-दोन वर्षांचे मिळते, पुढे दरवर्षी गाडी तपासणीला न्यावी लागते. आणि कलम ५६ ची भाषा फार कडक आहे. चालू फिटनेस नसलेले परिवहन वाहन वैध नोंदणी झालेले आहे असे मानलेच जात नाही. म्हणजे पासिंग संपले त्या दिवसापासून ती गाडी कायद्याच्या नजरेत बिननोंदणीची. मालक आर.सी. बुक नाचवतो, पण फिटनेस संपलेले आर.सी. बुक म्हणजे रद्दी.

त्यानंतर विमा. कलम १४६ प्रमाणे तो सक्तीचा आहे, आणि तो रुग्णवाहिकेचाच असला पाहिजे. अपघात नुकसानभरपाईचे दावे चालवताना मी हे वारंवार पाहतो. घरगुती कारची पॉलिसी असते, गाडी मात्र भाडे घेऊन रुग्ण नेत असते. अपघात झाला की विमा कंपनीचा वकील उभा राहतो आणि अटींचा भंग झाला म्हणून हात वर करतो. विमा मुळात संपलेलाच असेल तर हुकूम निघतो तो मालकाविरुद्ध, आणि मालकाच्या नावावर ती चेपलेली गाडी सोडून काही नसते. पाच वर्षे तारखा करून विधवा बाईच्या हातात कोर्टाच्या निकालाची प्रमाणित प्रत येते. तेवढीच.

ड्रायव्हरच्या लायसनबद्दलही एक गोष्ट सांगतो, कारण पोलीस उगाच त्यावरून गरीब चालकाला त्रास देतात. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला आहे की, हलक्या मोटार वाहनाचे लायसन असलेला माणूस साडेसात हजार किलोपर्यंतचे परिवहन वाहनही चालवू शकतो, त्याला वेगळा शेरा लागत नाही. तेव्हा छोटी रुग्णवाहिका साध्या लायसनवर चालवणे हा गुन्हा नाही. लायसन चालू असले म्हणजे पुरे.

राहिला प्रश्न गाडीच्या आत काय असावे याचा. केंद्राने रुग्णवाहिकांसाठी ए.आय.एस. १२५ नावाचे मानक केले आणि १ एप्रिल २०१८ पासून ते नव्या गाड्यांना लागू झाले. त्यात चार प्रकार आहेत. ‘ए’ म्हणजे प्रथमोपचारासाठी आधी धावून जाणारे वाहन. ‘बी’ म्हणजे फक्त रुग्णाला झोपवून नेणारी गाडी. ‘सी’ म्हणजे प्राथमिक जीवरक्षण, ज्यात ऑक्सिजन वगैरे साधने असतात. आणि ‘डी’ म्हणजे प्रगत जीवरक्षण, ज्यात कृत्रिम श्वासाचे यंत्र, हृदयाचे ठोके दाखवणारा मॉनिटर, झटका देण्याचे यंत्र हे सर्व लागते. ‘आयसीयू’, ‘कार्डिॲक’, ‘ऑन व्हील्स’ ही नावे या मानकाने दिलेली नाहीत, ती रंगाऱ्याने दिलेली आहेत. म्हणून मालकाला नाव विचारू नका, प्रकार विचारा. “गाडी बी आहे की डी?” हा एक प्रश्न ऐकला की समोरच्याला कळते, गिऱ्हाईक अगदीच अडाणी नाही. मात्र २०१८ पूर्वीची गाडी या मानकात बसत नाही म्हणून बेकायदा ठरत नाही, हेही लक्षात ठेवा.

मग रुग्णवाहिकेच्या धंद्याला लायसन देतो कोण? इथेच खरी मेख आहे. रुग्णालय काढायचे तर आपल्या राज्यात महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा, १९४९ आहे. त्याचे नियम २०२१ मध्ये सुधारले, दरपत्रक लावणे, रुग्णहक्कांची सनद लावणे रुग्णालयांवर बंधनकारक झाले. पण हा कायदा खाटांचा आहे, चाकांचा नाही. मोटार वाहन कायदा चाकांचा आहे, त्याला आतल्या रुग्णाशी देणेघेणे नाही. आरटीओ ब्रेक तपासतो. कृत्रिम श्वासाचे यंत्र चालते की नुसते ठेवलेले आहे, हे पाहणे त्याच्या डोक्याबाहेरचे. आरोग्य खाते म्हणते गाडी परिवहनची, परिवहन म्हणते रुग्ण आरोग्याचा. या दोन टेबलांच्या मधल्या मोकळ्या जागेत फाटकाबाहेरचा धंदा उभा आहे.

हे मी नवीन सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगून ठेवले आहे. पश्चिम बंगालमधला एक शेतमजूर १९९२ च्या जुलैमध्ये रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला खाट नाही, सोय नाही म्हणून परत पाठवले. शेवटी खाजगी रुग्णालयात पदरचे पैसे भरून उपचार घ्यावे लागले. त्याची संघटना, पश्चिम बंग खेत मजदूर समिती, त्याच्याबरोबर कोर्टात गेली. एकटा माणूस गेला असता तर काय झाले असते हे वेगळे सांगायला नको. न्यायालयाने संविधानाच्या अनुच्छेद २१ चा भंग झाल्याचे मानले, पंचवीस हजार रुपये भरपाई दिली, आणि सरकारला जे निर्देश दिले त्यांत दोन आपल्या विषयाचे आहेत. प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालय आणि तिथून वरच्या रुग्णालयापर्यंत रुग्ण नेण्यासाठी रुग्णवाहिकांची योग्य व्यवस्था हवी. आणि त्या रुग्णवाहिकेत आवश्यक साधने व वैद्यकीय कर्मचारी हवेत. साधने आणि कर्मचारी, दोन्ही. तीस वर्षे होत आली.

सरकारची १०८ ची सेवा महाराष्ट्रात २६ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाली. ती मोफत आहे. आपल्या अनेक भगिनींची बाळंतपणे तिच्यामुळे सुखरूप झाली, हे मान्य केले पाहिजे. सुरुवातीला तिच्यात ९३७ गाड्या होत्या, त्यांपैकी प्रगत जीवरक्षणाच्या २३३. २०११ च्या जनगणनेतली राज्याची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी धरली तर एक गाडी सुमारे एक लाख वीस हजार माणसांमागे. तेव्हा खाजगी गाडी लागणारच. खाजगी गाडीच नको असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे शहाणपणाचे नाही.

पण खाजगी म्हणजे मोकाट, असे चालणार नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये तिरुपतीच्या सरकारी रुग्णालयात एका बापाचा लहान मुलगा वारला. बाहेरच्या गाडीवाल्यांनी मागितलेले पैसे त्याला परवडेनात. गावाकडून स्वस्त गाडी बोलावली तर फाटकावरच्या टोळीने ती आत येऊ दिली नाही. बापाने मुलाचे प्रेत मोटारसायकलवर घालून जवळजवळ नव्वद किलोमीटर नेले. आंध्रातली गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयाच्या फाटकावर रात्री एक तास उभे राहून पाहा. कोणाची गाडी पहिल्या नंबरला, कोणाची दुसऱ्या, आतून चिठ्ठी कोण आणतो आणि त्याला किती मिळतात, हे चहावाल्यालाही ठाऊक असते.

दरांचेही तसेच. कोरोनाच्या काळात, ११ सप्टेंबर २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना कोरोना रुग्णांसाठी रुग्णवाहिकांचे वाजवी दर ठरवून द्यायला सांगितले. महाराष्ट्राने त्याआधीच, त्याच वर्षी, खाजगी गाड्या ताब्यात घेण्याचे व दर परिवहन प्राधिकरणांनी ठरवण्याचे पाऊल उचलले होते. म्हणजे सरकारला दर ठरवता येतात, इच्छा असली की रातोरात ठरवता येतात. तुमच्या जिल्ह्यात आज कोणता दर लागू आहे हे आरटीओ कार्यालयात माहितीच्या अधिकारात अर्ज करून विचारा. दहा रुपयांचे काम आहे, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही लागत नाहीत. उत्तर आले की त्याच्या झेरॉक्स काढून विहारात, वाचनालयात, रेशन दुकानात चिकटवा. आणि आणखी एक: रुग्णवाहिकेतून रुग्ण नेण्याच्या सेवेला जीएसटी माफ आहे. बिलात जीएसटी लावून कोणी वरचे पैसे काढत असेल तर तो कर नाही.

काही वाचक विचारतील, वकीलसाहेब, रुग्ण तडफडत असताना कागद तपासायचे काय? मुळीच नाही. तेव्हा मिळेल त्या गाडीत घाला. जीप असो, छोटा हत्ती असो, शेजाऱ्याची रिक्षा असो. कायदाही तेच म्हणतो. कलम १९२-अ मध्ये बिनपरमिटचे वाहन चालवण्याला कैद आणि दंड सांगितला आहे, पण त्याच कलमात लिहिले आहे की आणीबाणीत आजारी किंवा जखमी माणसाला नेण्यासाठी वाहन वापरले तर ही शिक्षा लागू नाही. सात दिवसांत परिवहन प्राधिकरणाला कळवायचे, बस्स. तेव्हा आजाऱ्याला नेणाऱ्या शेजाऱ्याला घाबरवू नका. रोज त्याच फाटकावर उभे राहून, खोटे नाव रंगवून नऊ हजार घेणारा आणि हा शेजारी, या दोघांना कायदा एका मापाने मोजत नाही.

तपासायचे ते आधी. आजार सांगून येत नसला तरी गाड्या त्याच असतात. एका रुग्णालयाच्या बाहेर दहा-पंधरा गाड्या आलटून पालटून उभ्या राहतात. आम्ही चार जणांनी एका रविवारी सकाळी त्यांचे नंबर वहीत उतरवून घेतले आणि दुपारपर्यंत सर्व ॲपमध्ये तपासले. वर्ग रुग्णवाहिका आहे का, फिटनेस कधीपर्यंत, विमा कधीपर्यंत, पीयूसी आहे का. मालकाचे पूर्ण नाव ॲप दाखवत नाही, त्याची गरजही नाही. ज्यांचे कागद नीट निघाले त्यांच्याशी जाऊन बोललो. सोबत जाणारा माणूस कोण, डॉक्टर असेल तर त्याचा महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक काय, नागपूरपर्यंत सिलिंडर किती लागतात आणि किती ठेवता, छापील पावती देता का. जे सरळ बोलले त्यांचे फोन नंबर वस्तीतल्या आशाताईकडे आणि विहाराच्या फळ्यावर दिले. या कामाला पैसा लागला नाही आणि मोर्चाही लागला नाही.

यात एक इशारा द्यायला हवा. आमच्यातले एक तरुण कार्यकर्ते उत्साहाच्या भरात ड्रायव्हरची कॉलर धरायला निघाले होते. मी त्यांना थांबवले. त्या गाड्यांवरचे ड्रायव्हर कोण आहेत? माझ्या पाहण्यात निम्मे तरी आपलीच पोरे आहेत. गाडीतच झोपतात, प्रेत उतरवून त्याच हाताने गाडी धुतात. कामावर घेतल्याचा कागद नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. विमा नसलेल्या गाडीला अपघात झाला की पहिला आरोपी तोच, आणि मालक मात्र ‘गाडी त्याला न विचारता नेली’ असा जबाब देऊन मोकळा. कागद तपासणे हे त्याच्याविरुद्धचे काम नाही. त्याला हे समजावून सांगितले तर मालकाची खरी माहितीही तोच देतो. आम्हाला त्यानेच दिली.

तक्रार करायची तर कुठे? घरगुती वर्गाची गाडी, संपलेला विमा, संपलेले पासिंग याची तक्रार आरटीओकडे लेखी करा आणि पोच घ्या. सेवेतल्या त्रुटीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, गाडीवाल्याच्या गावी जावे लागत नाही. परंतु पुरावा लागतो. म्हणून गाडीच्या नंबरचा एक फोटो आणि पैसे शक्यतो मोबाईलवरून देणे, एवढे दोन नियम घराघरात सांगा. मामीच्या मुलाने रोख दिले होते. ती तक्रार आज आयोगापुढे आहे आणि समोरच्याचे म्हणणे आहे की अशी माणसे त्याच्या गाडीत कधी बसलीच नव्हती. आरटीओने मात्र ती गाडी धरली. इतपत न्याय झाला.

आमची मागणी साधी आहे. शुश्रूषागृहाची होते तशी रुग्णवाहिका चालवणाऱ्याची नोंदणी आरोग्य खात्याकडे झाली पाहिजे. नोंदणी क्रमांक, गाडीचा प्रकार आणि दर हे दारावर मराठीत ठळक लिहिलेले असले पाहिजेत. आणि सरकारी रुग्णालयाने रुग्ण रेफर करताना कोणत्या नंबरच्या गाडीतून, कोणाच्या सोबतीने गेला हे कागदावर नोंदवले पाहिजे. या शेवटच्या गोष्टीला नवा कायदाही लागत नाही, अधीक्षकांचा एक आदेश पुरेसा आहे. आम्ही तसे निवेदन दिले आहे. उत्तराची वाट पाहत आहोत, आणि आठवण करून देणे चालू आहे.

आता जे लिहिणार आहे ते काहींना आवडणार नाही.

त्या रविवारी वहीत उतरवलेल्या नंबरांत एक गाडी आमची होती. निळा पट्टा, मागच्या काचेवर बाबासाहेबांचा फोटो, दारावर मंडळाचे नाव. काही वर्षांपूर्वी चौदा एप्रिलला मोठा कार्यक्रम करून तिचे लोकार्पण झाले होते, नारळ फोडणाऱ्यांत मीही होतो. तिचे पासिंग संपून अकरा महिने झाले होते. विमा त्याच्याही आधी संपलेला. आर.सी. बुक अजून जुन्या अध्यक्षांच्या वैयक्तिक नावावर होते, कारण तेव्हा मंडळाची सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणीच झालेली नव्हती. ते गृहस्थ मुलाकडे पुण्याला राहायला गेले, त्यांना याची कल्पनाही नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की, गाडी कोणाच्याही ताब्यात असो, नोंदणी ज्याच्या नावावर तोच भरपाईला जबाबदार. म्हणजे रस्त्यात काही घडले असते तर आयुष्यभर चळवळीत झिजलेल्या त्या म्हाताऱ्या माणसाच्या पेन्शनवर टाच आणण्यापर्यंत मजल गेली असती, कुठे वाचता आले असते कुठे नाही, पण कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्याच असत्या.

मी हे बैठकीत मांडले. सध्याचे अध्यक्ष म्हणाले, “वकीलसाहेब, समाजाची गाडी आहे. आपली गाडी आरटीओवाले अडवत नाहीत.” मी म्हणालो, भाऊसाहेब, अडवत नाहीत हाच तर घोटाळा आहे. फाटकाबाहेरचा मालकही हेच सांगतो. ते म्हणाले, आम्ही डिझेलपुरतेच पैसे घेतो, धंदा करत नाही. ते खरे होते. पण टायर गुळगुळीत झाला की तो पैसे किती घेतले हे विचारत नाही. बैठक तिथेच मोडली. चार महिने अध्यक्षांनी माझ्याशी बोलणे सोडले. एका कार्यक्रमाच्या पत्रिकेतून माझे नावही गळले, त्याचे मला फारसे वाईट वाटले नाही.

शेवटी महिला मंडळाच्या बायांनी विषय हाती घेतला. पासिंग होईपर्यंत आम्ही या गाडीला वर्गणी देणार नाही, असे त्यांनी सांगून टाकले. बाळंतिणींना घेऊन त्याच त्या गाडीत बसतात, तेव्हा त्यांचा शब्द मोडणे कोणाला जमले नाही. न्यासाची नोंदणी झाली, पुण्याहून जुन्या अध्यक्षांच्या सह्या आणल्या, विमा काढला आणि मे महिन्यात गाडी तपासणीला नेली.

ब्रेक नापास झाले.

काम करून पंधरा दिवसांनी पुन्हा नेली तेव्हा ती पास झाली. आता पासिंगची आणि विम्याची तारीख विहाराच्या फळ्यावर खडूने लिहिलेली असते, आणि दर पौर्णिमेला वंदनेनंतर कोणीतरी ती मोठ्याने वाचते.